दोन जोड

वाशीच्या काझीने आठ दिवसांच्या बोलीवर दोन्ही दिले.
एक ठेव, एक आण परत, म्हणाला,
आणि डबीवर ओरखडा दिसला तर दोन्ही तुझे.

पहिला धातूचा. रात्री एसीखाली राहिला
की सकाळी कानात नदीतला खडा.
जोडावरची रेघ नखाला लागत नाही;
ज्याने घासलाय त्याने जेवणाची सुट्टी विसरून घासलाय.
वजन आहे. तक्रार करावी इतकं नाही.

दुसरा राळेचा, ऐरोलीच्या खाडीसारखा हिरवट,
आतली तार दिसते, आणि एक बुडबुडा
ओतताना राहून गेलेला.
कानात गेला की गेला, डोळ्यांवरचा चष्मा शोधावा
तसा शोधायचा मग.
पिना मात्र ढिल्या. मान वळवली की डावा बंद.

तपासायला माझ्याकडे एकच ध्वनिमुद्रण आहे.
कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात मीच केलेलं,
पंखे बंद करायला लावून, दोन माइकवर:
चारुशीला तांडेल, दिवाळे कोळीवाडा,
यमन, नऊ मिनिटं.
पुढे काही नाही. पुढे ती गायलीच नाही.
हल्ली उरणला कंटेनरची कागदं बघते, म्हणे.

राळेत तंबोरा जमिनीतून येतो.
खर्ज बरगडीला टेकून बसतो, डग्गा जरा ओलसर,
फुगतो, पण फुगू दे.
ती जवळ. मांडीला मांडी लावून.
कुठल्याच सुराला कड नाही, आणि शेवटी
तार षड्जावर आवाज फाटतो तोही
जुनं मऊ लुगडं फाटावं तसा, आवाज न करता.

धातूत सगळं सुटं सुटं,
भांड्यांच्या दुकानात वाट्या मांडाव्यात तसं.
जवारीचा कण न् कण. शाईवरून घसरलेलं बोट.
तंबोऱ्याला लागलेली तिची बांगडी.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर
टँकरने सोडलेला ब्रेक,
आणि श्वास घेताना नाकाशी बारीक शीळ,
सर्दी होती तिला त्या दिवशी. विसरलोच होतो.

आठ मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर
च्.

जीभ टाळूवरून सुटल्याचा. उजव्या माइकपाशी.
उजव्या माइकपाशी मी होतो.

मी च् केलं होतं हे मला ठाऊक आहे.
आवाज फाटला, म्हणून केलं.
सात वर्षं हाच क्रम आहे, कोणी विचारलं तर
हाच सांगितलाय, जरा हसूनसुद्धा.
राळेत तो ऐकूच येत नाही, डग्ग्याच्या पोटात गेलाय.
धातूत आधी च्.
मग अर्धा श्वास.
मग तिचा स्वर माइकवरून किंचित सरकतो,
गाणाऱ्याने मान वळवून कुणाकडे पाहिलं
की सरकतो तेवढाच.
मग फाटतो.

फोमचे बोळे बदलले. डावा-उजवा उलटा घातला.
तबल्याची पट्टी खाली ओढली, वर ओढली.
घणसोलीच्या या खोलीत रात्री दोन वाजता
वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली,
तीही ऐकून घेतली.
कानाला खडा लावावा म्हणतात.
इथे तो आत घालून बसलोय.

सकाळी काझीचा फोन: मग? कुठला?
बेस पाहिजे का बारकावे, एवढंच तर ठरवायचंय.
म्हटलं, धातूचा टोचतो जरा.
टिप्स बदल, म्हणाला.
म्हटलं, बदलल्या. अजून दोन दिवस दे.
तिचा नंबर त्याच्याकडे असेल, दिवाळ्यातच त्याचं सासर.
विचारला नाही.

आज राळेचा घालून बसलोय.
पुन्हा तो तंबोरा, पुन्हा ती शेजारी, खर्ज बरगडीशी.
आठ एकोणचाळीस.
आठ चाळीस.
ती जिथे बसली होती तिकडे
मी मान वळवली.

डावा गेला.