तैलचित्र क्रमांक सतरा

क्लबात चपला चालत नाहीत.
पहिल्याच दिवशी दरवानाने, अगदी अदबीने, परत पाठवलं;
कॉजवेवरून साडेतीनशेचे बूट घेतले.
टाच अजून चावते.

तर हे चित्र. सहा फूट बाय नऊ.
मलबार हिलवरची मेजवानी, म्हणतात, एकोणीसशे सव्वीस.
झुंबर, गालिचा, गारा नेसलेल्या बायका,
कडक पगड्या, एक लाल मानेचा साहेब,
सिगारच्या धुराने सगळेच सारखे पिवळे.
आणि डाव्या अंगाला, पितळी कुंडीशी, तो:
रुंद काठाची टोपी, कोपराला गुंडाळलेला चाबूक,
गुडघ्याएवढे बूट,
बुटांवर चिखल.
भायखळ्याच्या तबेल्यात घोडे पोचवायला
बोटीतून आलेला कुणी ऑस्ट्रेलियन गुराखी असावा.
नाव नाही.
त्याच्याकडे कुणी बघत नाही,
एका बाईने पदर तेवढा आवरून घेतलाय.

मी कापसाचा बोळा जिभेवर ओला करते.
हसू नका,
थुंकीइतकं मऊ रसायन बाजारात मिळत नाही.
रोज वीतभर.
आधी झुंबर उजळलं, मग साहेबाचं नाक,
मग मोत्यांचा एकेक सर.

चार वाजता भेसानिया सेक्रेटरी येतात,
चष्मा कपाळावर सारून, चित्राला नाक लावून:
"बाकी फस्क्लास, बाई.
ते बूट तेवढे साफ करा नी.
शंभरीला लोक येणार."

घासले.
बोळा कोराच्या कोरा.
चिखल साचलेला नव्हता, काढलेला होता,
बारीक कुंचल्याने, तीन तपकिरी आणि एक तांबडा,
मोत्यांहून जास्त वेळ देऊन.

मग दिवे मालवले,
बॅटरी कॅनव्हासला लावून आडवी धरली.
तिरप्या उजेडात रंगाला खोटं बोलता येत नाही:
कुंडी त्याच्या गुडघ्यावर चढलेली,
गालिच्याची झालर त्याच्या टाचेवर,
आणि भेगांतून खाली दिसतं ते
वाळकं गवत.
झुंबराच्या मागे निळं.
साहेबाच्या खांद्यापाशी
घोड्याचा एक कान.

म्हणजे आधी तोच होता.
उघड्यावर, घोड्याशेजारी.
मेजवानी मागाहून आली, भिंती घेऊन.
कुणी पैसे मोजले असतील,
किंवा नवा कॅनव्हास परवडला नसेल,
घोडा बुजवला, गवत बुजवलं, आभाळ बुजवलं,
आणि याच्यापाशी येऊन हात थांबला.
का, ते मला रंगावरून सांगता येत नाही.

अहवालात लिहिलं:
जुने वार्निश काढले.
बुटांवरील चिखल मूळचा. काढू नये.
घोड्याचं लिहिलं नाही.
भेसानियांनी सही केली, चहा संपवला.

आज सकाळी शेवटची वीत,
त्या बाईचा हात.
पदर आवरलेला नाहीच.
मूठ पुढे केली आहे, अर्धी उघडी,
आणि आत पिवळ्याखालून निघाला
साखरेचा पांढरा चौकोन,
जिथे कान आहे त्या बाजूला धरलेला.