एकेचाळीस टेक

मांगवोनच्या तळघरात, हीटरची घरघर बंद करून
ते कडवं आम्ही एकेचाळीस वेळा घेतलं.
हारमचा घसा बसलेला. नासपतीची फोड चघळून
तो पुन्हा माइकपुढं उभा राहायचा, मुकाट.

पहिला शब्द मंगळवारचा आहे,
दुसरा शुक्रवारी पहाटेचा,
शेवटचं अक्षर तर सप्टेंबरातलं, सर्दीच्या आधीचं.
मी शिवत गेले. टाका दिसत नाही कुठं.
मधले श्वासही काढले,
कंपनीला गुळगुळीत हवं होतं.

मध्यरात्री गाणं चौदावं होतं.
एकला तिसरं.
दोनला त्याच्या वर काही उरलंच नाही.
पाचही पोरं व्हॅनमध्ये एकमेकांवर कलंडून झोपलेली.
मॅनेजर ग्युसाननं फोनचा उजेड एकेकाच्या तोंडावर धरून पाहिला.
कुणी हललं नाही.

थोंगयंगला हारमची आई कालवं फोडते.
शेडमधल्या रेडिओवर ऐकलं तिनं,
आणि ओल्या हातानंच फोन लावला:
"गाणं झकास झालंय रे.
पण एवढ्या लांब ओळीत
तू श्वास कुठं घेतलास?"

हे त्यानं मला हसत हसत सांगितलं.

सहावा आठवडा. अजून पहिलंच आहे.
माझ्याकडे एक फाइल आहे, नाव नुसतं 'कचरा':
चार मिनिटं सव्वीस सेकंद
त्याचे कापलेले श्वास, एकामागून एक.
कधीतरी लावते, हीटर बंद करून.
मध्येच एक खुर्ची करकरते.
ती माझी.