भेसळ

वसमतच्या मोंढ्यामागं वीस वर्षं हळद दळते मी.
भेसळीची हळद अस्सल हळदीपेक्षा
जरा जास्तच पिवळी असते.

त्र्यंबकसर तसे.
शिवकांतच्या मायचं रेशनकार्ड त्यांनीच काढून दिलं,
क्लासची फी माफ, वर सायकल.
सत्त्वशीला म्हणते, देवमाणूस.
गल्ली म्हणते.
मीही म्हटलं असेल एकदा, चहा पिताना.

परवा डबा घेऊन आलं लेकरू,
खिशात पन्नासची नोट.
कुणी दिली रे?
"सांगायचं नाही. आमची गंमत हाय."
नऊ वर्षांच्या तोंडात ते वाक्य
मोठ्याची चप्पल घातल्यासारखं
फटक फटक वाजत होतं.

मग आठवत गेलं.
सगळ्या पोरांना सुट्टी, ह्यालाच थांब.
"तुझ्या मायला काय कळतंय," हसत हसत.
आणि सर दिसले की ह्याचं नखं खाणं.

गिरणी बंद केली मी.
मला ते वाक्य आधीपासून पाठ होतं.
सेलूचा एक मामा होता, सख्खा नव्हता,
त्याचीही फार माया होती आमच्यावर.

तशीच गेले सत्त्वशीलाकडं, हात न धुता.
चिडली. रडली. सरांचे उपकार मोजले बोटांवर.
मोज म्हटलं,
आणि बदल्यात लेकराला काय लपवायला लावलं, तेही मोज.

शिवकांत दारात उभा.
जी गंमत मायला सांगता येत नाही
ती गंमत नसते, राजा.

नोटेची घडी उलगडत बसला बराच वेळ.
"उद्या क्लासला नाही जायचं मला."

सत्त्वशीला उठली,
सायकल बाहेर काढली अंगणातून,
आणि दार लावून त्याच्याजवळ खाली बसली.