चिंचोके

महिन्याच्या शेवटच्या रविवारी,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याची माडी.
खाली मिठाच्या पाण्यात डबे गोठत असतात,
आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने
आमच्या चहावर बारीक वर्तुळं उठतात.
मी इथला हिशेबनीस. किल्ली माझ्याकडे.

पहिल्या महिन्यात मी एकटाच होतो.
सहा खुर्च्या मांडल्या. मग चार केल्या. मग दोन.
पाचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली.
"शून्यावरून माझ्याशी तीन रात्री भांडलेला तो तूच ना?"
शमीम आवटी, शिरोड्याच्या दवाखान्यातली नर्स.
वर्षभर तिची वाक्यं ओळखत होतो,
कुठे श्वास घेतात, कुठे मुद्दाम फट ठेवतात
समोरच्याने बोट घालावं म्हणून.
ती इतकी बुटकी असेल हे कुठल्याच वाक्यात नव्हतं.
चपला काढता काढता म्हणाली,
"कुयरीची भाजी आणलीय. आधी खाऊ, मग भांडू."

आता आठ-नऊ जण येतात.
इनास रुझार, होड्यांची इंजिनं उघडणारा,
नखांत ग्रीस, खिशात
मूळ संख्यांचा घड्या पडलेला कागद.
तळवडेकर बाई, ज्यांचा देव आहे
आणि ज्या तो सिद्ध करायला साफ नकार देतात.
अद्वैत, बारावीतला,
जो अजून कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

बोलण्याआधी चिंचोके ठेवायचे, एवढाच नियम.
दहापैकी जितके, तितकी तुझी खात्री.
दहाच्या दहा फक्त अद्वैतने ठेवले होते, एकदाच,
आणि सावंतवाडीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला.
जो मत बदलेल त्याला शेवटचं घावन.

"तुमी थंय माडयेर बसान करतास तरी काय?"
चहावाला विचारतो.
भजन नाही, भिशी नाही, पक्ष तर नाहीच.
"गजाली," मी म्हणतो.
"मगे त्यो आमीव करतो."
खरं आहे. फरक सांगता येत नाही मला.

मग एका रविवारी मी नऊ ठेवले.
अष्टमीच्या भांगाला मासळी कमीच लागते.
बाबा सांगत आले, बाबांना त्यांचे बाबा.
शमीमने विचारलं, "बर्फाच्या वह्या कुठायत?"

अकरा वर्षांच्या वह्या.
मालक देवभोळा, तारखेशेजारी तिथी लिहायला लावणारा.
चार रविवार आम्ही वाचत राहिलो,
बाई तिथी सांगत, मी लाद्या, इनास होड्या मोजी.
अष्टमीला बर्फ कमी जायचा. मी हसलो.
"थांब," इनास म्हणाला, "होड्याच कमी गेल्यात."
ज्या गेल्या, त्यांनी इतर दिवसांइतकाच बर्फ नेला होता.
भांगाला मासळी नाही म्हणून कुणी जात नव्हतं,
कुणी जात नव्हतं म्हणून भांगाला मासळी नव्हती.

मी चिंचोके उचलू लागलो.
तीन सहज आले. मग दोन.
पुढचा उचलताना बोटाला बाबांचा आवाज लागला,
पहाटे वल्ह्याला तेल चोळताना खाकरायचे तसा.
कुणी घाई केली नाही. अद्वैतसुद्धा गप्प होता.
टेबलावर एक राहिला, तो राहू दिला मी.
बाईंनी घावनाची ताटली माझ्याकडे सरकवली.
गार झालं होतं, कडेला वातड.
खाल्लं.

घरी बाबा पडवीत आडवे, डोळ्यांवर हात.
"आज किती लाद्यो?"
सांगितलं. वह्यांचं नाही सांगितलं.
मग बऱ्याच वेळाने, झोपेतच असल्यासारखे,
"फाल्यां भांग. होड्यो जावच्यो नाय."

खिशात हात घातला.
यावर मी दहाच्या दहा ठेवले असते.