बेडका

तुर्भ्याच्या खाणीवरून एकवीस डब्या आल्या,
सतरांत नुसती थुंकी.
पातळ, फेसाळ.
काचपट्टीवर पसरली की निळंच निळं,
लाल काडी एक नाही.
मी रजिस्टरात 'निगेटिव्ह' लिहायचे
आणि हात धुवायचे.
तो निगेटिव्ह माझा होता, त्यांचा नव्हता.

शनिवारी मीच गेले, पिशवीत रिकाम्या डब्या.
"बलगम," म्हटलं.
फागू ओरावने मान हलवली, थुंकला,
डबी परत दिली,
परक्याच्या घरी काही सांडल्यासारखा.
मागून बिरसमनी हसली:
"अरे, खखार!"

खखार.
घणसोलीत आम्ही म्हणतो, नीट खाकर.
म्हणजे शब्द आधीच येऊन राहिला होता इथे,
मीच चुकीचा दरवाजा वाजवत होते.

आता डबीवर चिठ्ठी असते:
पहाटे, चूळ भरून, उघड्यावर,
तीन खोल श्वास, मग पोटातून.
चिठ्ठी बिरसमनी वाचून दाखवते.
तिला वाचता येत नाही. पाठ आहे.

काल फागूची डबी आली,
घट्ट, पिवळट, दगडाच्या भुकटीची करडी रेघ.
मशीनने दोन तासांत सांगितलं, आहे.
पत्त्याच्या रकान्यात: क्रशरजवळ.
मोबाईल मुकादमाचा.
"ते गेले की उलव्याला, नव्या साईटवर."

"बिरसमनी?"
"तीपण."

मग सापडेल.
पहाटे पोचायला हवं,
जिथे सगळे नीट खाकरत असतील तिथे.