ड्रायव्हर सापडत नाही

पडद्यावर पिवळं प्रश्नचिन्ह आलं,
शेजारी ओळ: ड्रायव्हर सापडत नाही.
मी मोठ्यानं वाचली, चूक माझीच.
कूलरच्या घरघरीतून अण्णा ओरडले,
"मी आठे बठेल शे ना!"

एकतीस वर्षं भुसावळ–इगतपुरी, भुसावळ–बडनेरा.
रिटायर होऊन हा चौथा मे,
तरी साडेतीनला उठतात,
अंगणात उभे राहून यार्डातलं शंटिंग ऐकतात
आणि सांगतात कोणाचा हात अजून कच्चा आहे.

मॉडेम टेलिफोनच्या कोनाड्यात.
त्यातून निघालेली यूएसबीची वायर इतकी आखूड
की टेबल दाराला लागून,
म्हणून दार अर्धंच उघडायचं,
म्हणून दोन वर्षं पाहुणे आडवे होऊन घरात शिरले.
कोणाचा पदर वायरीला लागला की नेट गेलं.
काढा, फुंकर मारा, लावा.
कोर्टाचे जबाब टाइप करून पाठवायचं माझं काम;
किती माणसं माझ्याकडे
"समक्ष हजर राहून खरं सांगतो की"
इथवर येऊन लटकली.

ड्रायव्हरची सीडी कपाटात नव्हती,
गादीखाली नव्हती, पिठाच्या डब्यामागे नव्हती.
सापडली परसातल्या पपईला.
पोपट येऊ नयेत म्हणून अण्णांनीच बांधलेली,
सुतळीनं, न सुटणाऱ्या गाठीनं.
उन्हात फिरत होती निवांत,
टाकीवर, भिंतीवर, माझ्या डोळ्यांत तिरीप मारत.
पुसली, घातली.
कॉम्प्युटरनं दोनदा चावून बाहेर ठेवली.

जामनेर रोडवर मुख्तारभाई म्हणाले,
"ताई, यूएसबीचा नाद सोडा.
मॉडेमच्या मागे दुसरं भोक आहे बघा, चौकोनी.
त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.
जो लागतो तो कॉम्प्युटरच्या पोटात आधीच बसलेला असतो."
मग बारा मीटर निळी वायर
छातीपासून हातापर्यंत मोजली, धोतराचं पान मोजावं तशी,
टोकाच्या आठ बारीक तारा रंगानं लावल्या,
चिमट्यात दाबल्या.
"आता दोन्ही टोकं सारखीच. कुठूनही लावा."

घरी मी अर्धंच सांगितलं:
ह्याला ड्रायव्हर लागत नाही.
अण्णा काही बोलले नाहीत.
स्टूल आणलं, हातोडी आणली,
भिंतीकडेनं वायर धरत माझ्या मागे मागे आले.
कोपऱ्यावर मात्र हात अडवला,
"वळण इतकं आवळू नको. गाडी घसरेल."

टक्.
जुन्या वायरीनं असा आवाज कधी केला नव्हता.
"पत्ता आपोआप घ्या" ह्या गोलात मी टिंब दिलं
आणि थांबले.
आधी काहीच नाही.
मग नारिंगी लुकलुकला, मग त्याच्या बाजूला
दुसरा लागला, न हलणारा.

अण्णा हात मागे बांधून वाकले.
"हिरवा," म्हणाले मोठ्यानं,
जसं इंजिनात म्हणायचं असतं,
शेजारच्या माणसानंही पाहिलंय ना, एवढ्यासाठी.
आणि मी, का कोण जाणे,
"हिरवा," म्हणाले.

दोन जबाब गेले. तिसरा गेला.
टेबल आतल्या खोलीत सरकलं,
दार पूर्ण उघडलं तेव्हा मागे
धुळीत एक रबर, एक चिंचोका, लग्नाची जुनी पत्रिका.
मी झाडत होते, तोवर ते मॉडेमपाशीच.

"मंग ब्रेक कोन मारस?"

तेव्हा मी उरलेलं अर्धं सांगितलं,
पोटात बसलेल्या त्या दुसऱ्याचं,
जो दिसत नाही, ज्याचं नाव कोणी विचारत नाही.
ते ऐकत होते की यार्डाकडे कान होता, कळलं नाही.
सीडी उचलली, बनियनला पुसली,
"तोता येतीन सकाळे," म्हणाले,
आणि सुतळी शोधायला परसात गेले.