शेवटच्या मेंढीचा दिवा

पोचूबाईनं काउंटरवर शंभराची नोट ठेवली,
घड्या पडून पडून चार तुकड्यांची झालेली.
“मले एक दिवा पायजे,” म्हणाली, “झाकझूक करनारा.
कोयश्याचे टरक मांगचं जनावर पाह्यत नाई.”

मी मोबाईलवाला. मारेगावकडच्या फाट्यावर टिनाचं दुकान.
काचा बदलणं, चार्जिंगची पिन, रिचार्ज.
झाकझूक शेवटचं केलं ते आयटीआयच्या वर्कशॉपात,
बोरकुटे सर पट्टीनं टेबल ठोकत होते तेव्हा:
“आठ पायांचा किडा आहे, पोट्टेहो.
आधी खाच पाहा. खाच कुठं आहे ते पाहा.”

खाच न पाहताच लावला.
बोटाला चटका, जळकट वास,
आणि डब्यात आता एकच उरलेला.

मग हळू. खाच डावीकडे.
एक नंबर जमिनीला.
आठ आणि चार बॅटरीच्या अधिकला.
दोन आणि सहा समोरासमोरच्या ओळीतले,
मधल्या गल्लीवरून तार टाकून त्यांची सोयरीक जुळवली.
सात दोन रेझिस्टरांच्या मध्ये.
पाचची कटकट नको म्हणून बारीक कपॅसिटर लावून गप्प बसवला.
तीनमधून बाहेर, लाल दिव्याकडे.

लागला. पण लुकलुकेना.
नुसता लाल, एकटक.
पोचूबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी मीटरकडे.
विझत होता तो, सेकंदात शंभर वेळा,
डोळ्यालाच ते विझणं कळत नव्हतं.
मोठा कपॅसिटर लहान बसला होता, एवढंच.

बदलताना तिला सांगत होतो,
हा रांजण समज. दोन हिस्से भरला
की किडा म्हणतो, पुरे, सोड.
एक हिस्सा उरला की म्हणतो, थांब, भर.
काठोकाठ भरू देत नाही, तळ दिसू देत नाही.
“हाव,” ती म्हणाली, “पिलासाठी सोडाच लागते थोडं.
सारं दूध काढनारा कुठं मेंढपाळ अस्ते?”

दिवा सेकंदाला एकदा मिटू लागला.
ती काचेवर बोटं वाजवत बसली:
टप टप टप, आणि एक रिकामी जागा.
टप टप टप, आणि एक रिकामी जागा.
“थोडा जल्दी कर. तिची चाल अशी हाय.”
अडुसष्ट काढून सत्तेचाळीसचा रेझिस्टर घातला.
पाऊण सेकंद. तिनं मान हलवली.

साबणाच्या गुलाबी डबीत सगळं कोंबलं,
कडेला मेण, चौकोनी बॅटरी, सुतळी.
“एडक्याच्या गळ्यात बांधायचं ना? पुढं?”
“त्याले सारेच पाह्यते. लंगडीच्या बांधाचं.
तेच मांगं रायते.”

हरभरा निघालेला, वावरं मोकळी.
रात्री शटर ओढताना कळप वणीच्या रस्त्यावर होता,
धूळ, खुरांचा आवाज, कुत्र्याचं एक भुंकणं,
मग बरंच अंतर सोडून ते लाल.
टिप्पर आला. गिअर खाली पडल्याचं ऐकू आलं,
एकदा डिपर, आणि तो रेंगाळत तिच्यामागून चालू लागला,
जणू त्यालाही आज घाई नव्हती.

प्रत्येक अंधाराला मी श्वास धरत होतो.
सोल्डर माझं, टाका माझा, आठ पायांवर भरवसा किती?
मग रपट्याच्या उताराला ते लाल गेलं,
आणि मी कुलूप हातात घेऊन
तरी मोजतच राहिलो,
पाऊण सेकंद,
पाऊण सेकंद.